भिंतीवर बाग आणि गच्चीवर पत्रा

चिरेबंदी: काल एका कॉलेजच्या पोराने इथे टाकलं की त्याच्या वर्गात ‘टॉवरमधल्या फ्लॅटला हिरवं काय काय हवं’ असं विचारलं, तर बहुतेकांना भिंतीवरची बाग नि गच्चीवर लॉन हवं, पावसाचं पाणी साठवणं सगळ्यात शेवटी. डोकंच उठलं. अरे रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस. ३०० चौरस मीटरची गच्ची धरा, ९ लाख लिटर पाणी डोक्यावर पडतं आणि पायपातून सरळ गटारात. खाली जांभा, तो काही पाणी धरून ठेवत नाही, एप्रिलात टँकर आला की बादल्या घेऊन पळापळ. आणि यांना लॉन पाहिजे!

सातवा_मजला: काका, तो पोरगा मीच. प्रश्न ‘काय आवडेल’ असा होता, ‘काय गरजेचं’ असा नव्हता. आम्ही कॉट बेसिसवर चौघे एका खोलीत, खिडकी उघडली की समोर शेजारच्या बिल्डिंगचं डक्ट. जरा हिरवं दिसावंसं वाटलं तर एवढं काय बिघडलं? टाकीचं मालक बघतो.

चिरेबंदी: हेच ते. भाडेकरू म्हणतो मालक बघेल, मालक म्हणतो सोसायटी, सोसायटी म्हणते बिल्डर. आणि बिल्डर पुढच्या साइटवर.

मालवणी_खाजा: मेल्यांनो, भिंतीवरची बाग आमच्याकडे लावूक लागणा नाय. आषाढात आपोआप येता, तेका शेवाळ म्हणतत.

काजूबी: लॉन राहू दे, आधी गच्ची दाखवा. आमची बिल्डिंग तिसऱ्या पावसाळ्यात गळायला लागली, मग घरटी वर्गणी काढून वर पत्रा. २०२१ च्या तौक्ते वादळात त्यातले तीन पत्रे उडाले, एक खाली माझ्या स्कूटरवर. सोलरचं म्हणाल तर केंद्राच्या सूर्यघर योजनेत एका घराला ३ किलोवॅटवर ७८ हजार अनुदान आहे, पण आमच्याकडे गच्ची नेमकी कुणाची यावरच तीन मीटिंगा झाल्या.

चिरेबंदी: पत्र्यानेच वाट लावली सगळ्या शहराची. उंचावरून बघा, निळी-लाल झोपडपट्टी दिसते. काढून टाका आणि नीट वॉटरप्रूफिंग करा.

खाडीपलीकडची: पत्रा काढा म्हणणाऱ्यांनी जुलैत आमच्या घरी यावं नि चादरी हुंगून बघाव्यात. पत्र्याखालची ती एकच जागा, जिथे कपडे वाळतात. बाल्कनी बिल्डरने दिलीय दीड हात रुंद, त्यात वॉशिंग मशीन. माझ्या सासूबाई चार महिने पंख्याखाली दोरी बांधून लेकराची दुपटी वाळवायच्या. कपडे तुम्ही कधी वाळत घातलेत का हो स्वतः?

चिरेबंदी: पर्सनल व्हायचं कारण नाही ताई.

खाडीपलीकडची: म्हणजे नाही.

सातवा_मजला: काका, तुमच्या ९ लाखांचा हिशोब केला. २० फ्लॅट, घरटी ४ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला १०,८०० लिटर. ५० हजार लिटरची टाकी बांधलीत तरी पाच दिवसांत खडखडाट. एप्रिलपर्यंत पुरवायचं तर पार्किंगखाली तलाव खणा.

चिरेबंदी: गणित बरोबर आहे. पण मग पावसाळ्यात तरी फ्लशला तेच वापरा, चार महिने विहिरीचा पंप कमी चालेल. आणि ताई, पत्रा राहू दे, पन्हळ लावून टाकीला जोडा, पहिल्या पावसाचं पाणी तेवढं सोडून द्या. झालं समाधान?

काजूबी: आधी स्कूटरचे पैसे कोण देतंय ते सांगा.

सातवा_मजला: एक चूक मान्य. ‘कपडे वाळत घालायची जागा’ हा पर्याय यादीत टाकलाच नव्हता. आता रूममधल्या तिघांना विचारलं, तिघांचंही तेच. चौथा मी, माझी जीन्स शनिवारपासून ओली आहे.