बाळासाठी स्वेटर: दोन सुयांवर की क्रोशावर?

नवशिकी: भाचीला बाळ होणारे, थंडीच्या आत स्वेटर करायचाय. मला क्रोशाचे फक्त साखळी आणि खांब हे दोन टाके येतात, सुया कधी हातात धरल्या नाहीत. क्रोशाने केला तर चालेल का? दोन्हीत फरक काय पडतो नक्की?

लोकरवेडी: चालेल की! पण खांबाचं विणकाम जाड नि कमी ताणणारं होतं, लोकरही जास्त खातं. सुयांवरचं सुलट-उलट टाक्यांचं विणकाम मऊ, ताणतं, बाळाच्या डोक्यातून पटकन उतरतं. क्रोशानेच करणार असशील तर पुढून उघडा कर आणि बटणं लाव.

उलटसुलट: सुयांवर सगळे टाके एकदम सुईवर असतात, एक निसटला की खालपर्यंत शिडीसारखं उसवत जातं. माझा अर्धा मोजा असाच गेला, नातवाने सुई ओढली 😅 क्रोशात एकच टाका उघडा, उसवलं तरी परत तिथूनच सुरू. बाकी दोन्हीकडे धागा फंद्यातूनच काढायचा ना, हाताची ओढ सारखी ठेवायची सवय तुला आहेच.

नवशिकी: मग टोपडं क्रोशाने करते, स्वेटरसाठी १० नंबरच्या सुया आणते.

लोकरवेडी: आण, पण नंबर वाढला की सुई बारीक होते हं, दुकानात उलटं समजू नकोस.