२०११ च्या डिझेल एसयूव्हीचं पासिंग मार्चमध्ये, आधी कशावर खर्च करू? (सातारा)

यवतेश्वर_उतार
मंडळी, सल्ला हवाय. तीन लिटर व्ही-सिक्स टर्बो डिझेल, जर्मन गाडी. कायम चारही चाकांना ताकद, एअर सस्पेन्शन, एमएच-१२ नंबर. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा 'घेतलीच कशाला' यावर जाईल, आणि ते घरी रोज ऐकतोय. मार्चमध्ये आरसीची १५ वर्षं संपतात. त्याआधी एमआयडीसीतल्या एका गॅरेजात रॅम्पवर चढवून तपासून घेतली. निघालं ते असं: पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला गोटा, लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेले, डाव्या एक्सलचं बूट (रबरी आवरण) फाटून ग्रीस बाहेर, हँडब्रेक एका बाजूला जवळजवळ शून्य, हेडलाइटचा झोत वर, एअरबॅगचा दिवा पेटलेला. शिवाय रात्रभर उभी राहिली की उजवा पुढचा कोपरा खाली बसतो. एस्टिमेट २ लाख ८० हजार. यातलं पासिंगला काय लागतं, घाटासाठी काय लागतं, आणि काय थांबू शकतं? रोज नाही, पण महिन्यातून दोनदा कास रस्त्याला जाणं होतंच.

कराडचा_फिटर
दादा, पैला टायर बघा. बाहेरनं नक्षी छान दिसते म्हणून मालक निवांत असतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून आतल्या कडेवर हात फिरवा, तार लागंल. कायद्यानं खोली १.६ मिमी पाहिजे. पण नुसते टायर बदलू नका. बुश गेले म्हणून चाक तिरकं पळतंय, म्हणून आतली कड खाल्ली. बुश तसेच ठेवून नवे टायर घातले तर ते पण तसेच जाणार. आर्म, मग टायर, मग अलाइनमेंट, हाच क्रम. अलाइनमेंट करताना गाडी नेहमीच्या उंचीवर उभी पाहिजे, बसलेल्या कोपऱ्यावर केली तर सगळं वाया.

आणि फोर व्हील ड्राइव्हला पुढं नवे, मागं जुने असं जमत नाही. घेर वेगळा झाला की ट्रान्सफर केस, म्हंजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, झिजतो. लोड इंडेक्स, म्हंजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, तो पण वाचा. १०९ म्हणजे एका टायरला १०३० किलो, १०५ म्हणजे ९२५. दुकानदार स्वस्त पडतो म्हणून कमीचा गळ्यात मारतो.

वाई_पसरणी
एवढा विचार कशाला? एजंटाला द्या, होऊन जातं.

कराडचा_फिटर
होईल हो. कारखाने चालू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तिथं सव्वादोन टनाची गाडी थांबवायला एजंट येणाराय का?

कृष्णाकाठ
सांगलीहून. कागदांचं मी सांगतो, गेल्या वर्षी वडिलांच्या गाडीचं केलंय. अर्ज नमुना २५, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत करता येतो. चारचाकीची फी १५ वर्षांनंतर ५,०००. मात्र आधी बघा तुमची गाडी इथं जोडलेली आहे की बाहेरून आयात केलेली, कारण आयात गाडीला तीच फी ४०,००० आहे. उशीर झाला तर महिन्याला ५०० वर चढतात. पर्यावरण कर वेगळा. विमा, पीयूसी, थकलेली ई-चलानं, जुन्या कर्जाचा बोजा आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट आधी उरकून घ्या. आरसीवर पत्ता पुण्याचाच असेल तर तोही आत्ताच बदला. काचांना फिल्म असेल तर बघा, पुढून-मागून ७० टक्के आणि बाजूनं ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. बुलबार असेल तर काढून ठेवू नका, टाकूनच द्या.

यवतेश्वर_उतार
आभारी आहे. फिल्म नाही, बुलबारही नाही. पण आधीच्या मालकानं रीमॅप केलाय, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललंय, असं ऐकलंय. जोरात दाबली की आरशात काळं दिसतं. पीयूसीला अडेल का?

कराडचा_फिटर
पुणे पासिंग २०११ म्हणजे बीएस-४, प्रदूषणाचा कडक टप्पा. पीयूसीच्या मशीनवर धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२, जुन्या गाड्यांसारखी २.४५ नाही. रीमॅपवाल्यानं डिझेल वाढवलं असंल तर मूळ मॅप परत टाकून घ्या. त्याआधी टर्बोच्या होजला कुठं चीर आहे का बघा, हवा गळली की डिझेल जास्त होतं न् काळा धूर येतो. फिल्टर बदला. तपासणीला गार इंजिन नेऊ नका, हायवेवर खंबाटकीपर्यंत मारून आणा न् गरम गाडी लावा.

मिरजकर_बर्मिंगहॅम
मी मूळचा मिरजेचा, सध्या इंग्लंडात. इथं गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची, आणि कुठल्याही गाडीचा निकाल नंबर टाकला की सरकारी साइटवर फुकट दिसतो. तुमच्याच मॉडेलच्या विक्रीच्या जाहिराती काढा, फोटोतला नंबर टाका, दहा-बारा गाड्यांचा इतिहास वाचा. कुठल्या वयाला काय जातं ते कळेल. २०१८ पासून दोषाची वर्गवारीही असते, धोकादायक, मोठा, किरकोळ. अशा जड, ताकदवान गाड्यांत तुमचीच यादी पुन्हा पुन्हा वाचलीय: आतून झिजलेले टायर, आर्मचे बुश, हँडब्रेक. गंजाच्या नोंदी मात्र सोडून द्या, इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात.

एक महत्त्वाचं. ब्रेक रोलरवर (चाकं जागेवर फिरवणाऱ्या यंत्रावर) तपासणार असतील तर गाडी कायम फोर व्हील ड्राइव्ह आहे हे आधीच सांगा. एकच एक्सल रोलरवर फिरवला तर मधल्या डिफरन्शियलवर (पुढच्या-मागच्या एक्सलमधल्या गिअरवर) ताण येतो. इथं अशा गाडीचे ब्रेक बहुधा रस्त्यावर चालवून मोजतात.

यवतेश्वर_उतार
तीन आठवड्यांनी लिहितोय. एस्टिमेटवालं गॅरेज सोडलं. कोल्हापूरला एक जुना माणूस मिळाला, स्कॅनर आहे आणि मुख्य म्हणजे ऐकून घेतो. एअरबॅगचा दिवा म्हणजे ड्रायव्हर सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल, साफ करून घट्ट बसवला, दिवा गेला. हँडब्रेकचे लायनर शाबूत. ऑटोमॅटिक म्हणून मी कायम 'पी'वर (पार्किंगच्या गिअरवर) सोडतो, न वापरून गंजले होते. घासून, तार अॅडजस्ट करून दोन्ही बाजू सारख्या झाल्या. झोत वर जायचं कारण मागच्या लेव्हल सेन्सरची तुटलेली दांडी. म्हणजे एस्टिमेटातल्या तीन ओळी जवळजवळ फुकटात गेल्या. आर्म, बूट आणि चार टायर मिळून १ लाख ३० हजार झाले, ते झालेच. होजला चीर सापडली, धूर निम्म्यावर आला. मूळ मॅप अजून टाकायचाय. (खरं सांगायचं तर मन होत नाहीये.)

राहिला बसणारा कोपरा. साबणाचं पाणी मारलं तर उजव्या एअर स्प्रिंगच्या घडीत बुडबुडे येतात. एकच बदलू की जोडी?

कराडचा_फिटर
जोडी. डावी पण तेवढ्याच पावसातनं गेलीय. आणि आता बदला, बसलेला कोपरा भरायला कंप्रेसर रोज धापा टाकतोय, तो गेला की वेगळा खर्च. मॅप पण टाका दादा, पीयूसीच्या आधी.