मदत हवी आहे : बहीण माहेरी आली आहे, तक्रार कुठे करावी?

मांजराकाठ : माझी बहीण गेल्या आठवड्यात सासरहून निघून आमच्याकडे आली आहे. मारहाण जुनीच आहे, या वेळी हात मोडला. पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा घटना आमच्या हद्दीत घडलेली नाही असे सांगून काहीही न नोंदवता आम्हांला परत पाठवले. वकील कसा नेमावा आणि घटस्फोट किती दिवसांत मिळतो, एवढेच कृपया सांगावे. ‘धीर धरा’ हे तीन दिवस ऐकतो आहे.

जाईजुई : सासर कोणत्या जिल्ह्यात आहे, रुग्णालयाच्या केसपेपरवर मारहाणीची नोंद आहे का, आणि मुले असल्यास ती कोणाजवळ आहेत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

निवृत्त_कारकून : मनोधैर्य योजनेत ताबडतोब अर्ज करावा. शासन अर्थसाहाय्य देते.

वाटसरू : मनोधैर्य प्रामुख्याने बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि आम्लहल्ला यांसाठी आहे, त्याचा येथे काय संबंध? सरळ गुन्हा नोंदवा. विवाहितेच्या सासरी होणाऱ्या छळाचे जुने कलम 498अ म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचे कलम 85. हद्दीचे कारण सांगून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही; शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे पाठवावा लागतो. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याला अटकेची भीती वाटली, तेव्हाच तो वठणीवर आला.

जाईजुई : गुन्हा नोंदवण्यास माझा विरोध नाही, परंतु अटकेने खर्चाला पैसे मिळत नाहीत आणि राहण्याची सोयही होत नाही. त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, आणि त्याच्या कलम 27 प्रमाणे ती सध्या तात्पुरती जिथे राहते, तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात.

मांजराकाठ : सासर नाशिकला, आम्ही लातूर जिल्ह्यात. केसपेपरवर ‘पडल्यामुळे’ असे लिहिले आहे, कारण तेव्हा नवराच शेजारी उभा होता. सात वर्षांची मुलगी तिकडेच आहे. तो विषय वेगळा वाटला म्हणून लिहिला नाही.

जाईजुई : तो मुळीच वेगळा नाही, सर्वांत निकडीचा तोच आहे. त्याच अर्जात कलम 21 खाली मुलीचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि कलम 23 खाली अंतरिम आदेशही. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून अंतरिम आदेशाचा आग्रह धरा. आपल्याकडील सरकारी रुग्णालयात तिला पुन्हा तपासून घ्या आणि हात कसा मोडला ते तिला स्वतः डॉक्टरांना सांगू द्या. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून न्यायालयाकडे पाठवतात. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि घटस्फोट तिने मागितला आहे की आपण?

मांजराकाठ : आज विचारले. घटस्फोटाचे तिने अजून ठरवलेले नाही. तिला मुलगी हवी आहे आणि कपाटात राहिलेली दहावी-बारावीची प्रमाणपत्रे. उद्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जातो. तिच्या वतीने अर्ज मी दिला तर चालेल का?

जाईजुई : कलम 12 प्रमाणे चालतो. प्रमाणपत्रे आणि स्त्रीधन परत मिळण्याची मागणी कलम 19 खाली त्यातच लिहा. मात्र अधिकाऱ्यांशी तिला एकटीला बोलू द्या. आपण बाहेरच्या बाकावर बसा.