मदत हवी आहे: बारावीच्या गणितात कुतूहल जपायचं की आधी पाया पक्का करायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला, सुदामानगरात राहतो. मुलगा बारावीत, सीबीएसईला. गणितावर त्याचा फार जीव, पण एका धड्यात टिकत नाही.

सध्या १ + १/४ + १/९ + १/१६... ही न संपणारी बेरीज 'पाय (π) चा वर्ग भागिले ६' एवढीच कशी भरते, यात तो बुडालाय. "आई, इथे वर्तुळ कुठून आलं?" असं जेवताना विचारतो. साइनला अनंत गुणाकारात मांडायची गणितज्ञ ऑयलरची अठराव्या शतकातली युक्ती त्याने स्वतः वहीत करून पाहिली. मला खरंच कौतुक वाटतं.

पण डेफिनिट इंटिग्रलमध्ये सबस्टिट्यूशन केलं की लिमिट्स बदलायच्या राहून जातात. प्रॉबॅबिलिटीत बेजचं प्रमेय पाठ आहे, पण उदाहरणात नेमकं काय दिलंय ते ओळखता येत नाही. सर म्हणतात, बाहेरचं सगळं बंद करा. मला ते पटत नाही, त्याची ओढच जाईल.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत किंवा जे शिकवतात त्यांनी सांगा: सरावाची आणि भटकण्याची वेळ वेगळी ठेवावी का? की त्याच्या आवडत्या प्रश्नांतूनच इंटिग्रेशनचा सराव करून घेता येईल? धडा पक्का झाला हे घरी कसं तपासता?