महालक्ष्मीला गिटारवादक स्लॅश येतो आहे: कानाचा त्रास असलेल्या पतींसह मैफलीला जावे का, आणि गेल्यास कुठे उभे राहावे?

प्रश्न (डोंबिवली पूर्व, 12 एप्रिल 2025)

नमस्कार. 17 मे रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन' रोझेस या रॉक बँडचा कार्यक्रम आहे. आम्ही दोघांची तिकिटे काढून ठेवली आहेत, परंतु जावे की नाही याचा निर्णय होत नाही, म्हणून इथल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. सप्टेंबर 1991 मध्ये या बँडचे दोन अल्बम एकाच दिवशी प्रसिद्ध झाले, तेव्हा माझ्या पतींची आणि माझी ओळखसुद्धा नव्हती. त्यांनी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून पहिल्या अल्बमची कॅसेट घेतली होती आणि मी त्याच दुकानातून दुसऱ्याची. लग्नानंतर त्या दोन्ही कॅसेट एका खणात आल्या आणि आजही तिथेच आहेत. आमचे लग्न 1996 चे. त्याच वर्षी स्लॅश बँडमधून बाहेर पडला. डिसेंबर 2012 मध्ये हा बँड वांद्रे-कुर्ला संकुलात आला तेव्हा आम्ही आवर्जून गेलो, गाणी ऐकून मन भरून आले, पण मंचावर स्लॅश नव्हता, आणि ज्या सुरावटी आम्ही त्याच्या हातच्या म्हणून पाठ केल्या होत्या त्या दुसऱ्याच्या हातून ऐकताना जे वाटले ते आम्ही परतीच्या गाडीत एकमेकांना बोलून दाखवले नाही. नोव्हेंबर 2015 मध्ये तो स्वतःचे साथीदार घेऊन मुंबईत आला, त्या आठवड्यात सासूबाई रुग्णालयात होत्या. पुढच्याच वर्षी तो मूळ बँडमध्ये परतला, आणि आता तो त्या बँडसह इथे येतो आहे.

अडचण अशी आहे की माझे पती 28 वर्षे एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे दाबणाऱ्या यंत्रांच्या विभागात, काम करत होते आणि गेल्या चार वर्षांपासून त्यांच्या डाव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज सतत येत असतो. ऐन थंडीतही पंखा लावल्याखेरीज त्यांना झोप लागत नाही, कारण पंख्याच्या घरघरीत ती शिट्टी थोडी बुडते. मोठ्या आवाजापासून कान जपा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ते मला म्हणतात, "तू लेकीला घेऊन जा, मी नंतर तुझ्याकडून ऐकेन." त्यांना सोडून जायची माझी इच्छा नाही. कानात बोळे घालून गेल्यास संगीताचा आनंद उरतो का? मंचापासून किती अंतरावर उभे राहावे? माझे गुडघेही दुखतात, तेव्हा तीन तास उभे राहणे जमेल का, हाही प्रश्न आहेच.

साउंडवाला, परळ

ताई, मी नाट्यगृहांत आणि मोकळ्या मैदानांवरच्या कार्यक्रमांत गेली 22 वर्षे ध्वनिसंयोजनाचे काम करतो आणि कान हेच माझ्या पोटापाण्याचे साधन आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हिशोब समजून घ्या. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसावा, ही कामाच्या ठिकाणांसाठी सुचवलेली मर्यादा आहे, आणि त्यापुढे आवाज दर 3 डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. रॉक मैफलीत 100 डेसिबल ही काही विशेष गोष्ट नाही. आता कानात 15 डेसिबल कमी करणारे बोळे नीट बसवले, तर तोच आवाज 85 वर येतो आणि पंधरा मिनिटांची मर्यादा पुन्हा आठ तासांची होते. मात्र हे आकडे निरोगी कानांसाठी आहेत. तुमच्या यजमानांच्या कानाला आधीच इजा झालेली असल्यामुळे जाण्यापूर्वी डॉक्टरांना हा कार्यक्रम स्पष्ट सांगून विचारा, आणि त्यांनी नको म्हटले तर तो शब्द शेवटचा माना.

परवानगी मिळाली, तर बोळे कोणते घ्यायचे याला महत्त्व आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे वरच्या पट्टीचे सूर जास्त अडवतात, त्यामुळे झांजा आणि गिटारची धार निघून जाते आणि सगळे गादीखालून ऐकू आल्यासारखे वाटते. वादक वापरतात ते गाळणीचे बोळे सर्व पट्ट्या साधारण सारख्या प्रमाणात कमी करतात, म्हणून संगीताचा चेहरा बदलत नाही. ते आधी आणून घरी त्याच कॅसेट ऐकताना आठ-दहा दिवस वापरा. घालताना विरुद्ध बाजूच्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर आणि मागे ओढून धरा, म्हणजे कानाची नळी सरळ होते आणि बोळा पूर्ण आत बसतो. अर्धवट बसलेला बोळा फारसा उपयोगाचा नसतो.

जागेविषयी सांगायचे तर मैदानाच्या मध्यरेषेवर ध्वनिसंयोजकाचा तंबू असतो, ज्याला आम्ही कन्सोल म्हणतो. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानाला जे योग्य वाटते तेच सर्वांना ऐकवत असतो, म्हणून त्या तंबूच्या थोडे मागे पण मध्यरेषा न सोडता उभे राहिल्यास सर्वांत संतुलित आवाज मिळतो. मंचाच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या स्पीकरांच्या थेट समोर मात्र मुळीच उभे राहू नका.

रेलिंगपाशी

मी वेगळे मत मांडतो. ज्यांनी 1991 पासून वाट पाहिली आहे त्यांनी कन्सोलच्या मागे का उभे राहावे? दार उघडण्याआधी दोन तास रांगेत थांबा, आत जाताच पुढच्या रेलिंगपाशी जागा धरा. स्लॅशची बोटे डोळ्यांनी पाहण्याचे समाधान कोणत्याही मोठ्या पडद्यावर मिळत नाही.

साउंडवाला, परळ

तुमची भावना समजते, परंतु रेलिंगपाशी मंचाखालचे खर्जाचे स्पीकर काही फुटांवर असतात आणि गर्दी दाटली की मध्येच बाहेर पडता येत नाही. कानाचा रुग्ण आणि दुखरे गुडघे असलेल्या जोडप्याला हा सल्ला देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पार्लेकर

ताई, माझे वय 71 आहे आणि मला तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या अनुभवातून द्यावेसे वाटते.

5 मार्च 2005 रोजी गिटारवादक मार्क नॉफ्लर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर वाजवून गेला. डायर स्ट्रेट्स या त्याच्या जुन्या बँडच्या काळापासून मी त्याचा भक्त. दोनच वर्षांपूर्वी लंडनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याचे गळपट्टीचे हाड, खांद्याचे पाते आणि सात बरगड्या मोडल्या होत्या, त्यामुळे तो पुन्हा गिटार धरेल की नाही अशीच धास्ती होती. सौभाग्यवतींना रॉकची आवड नव्हती. त्या तरुणपणी सतार शिकल्या होत्या आणि केवळ माझ्यासाठी आल्या होत्या. आम्ही बरेच मागे, एका कडेला होतो. पहिली वीस मिनिटे त्या गप्प उभ्या होत्या, आणि मग पडद्यावर त्याचा उजवा हात जवळून दिसला तेव्हा माझी बाही ओढून म्हणाल्या, "अहो, ह्याच्या हातात नखी नाही. नुसत्या बोटांनी वाजवतो आहे." मी ते पंधरा वर्षे ऐकत होतो, अंगठा आणि दोन बोटांनी तो वाजवतो हे वाचलेही होते, पण मिझराब, म्हणजे सतारीची नखी, घालून तार छेडलेल्या व्यक्तीला त्यातला फरक जसा कळला तसा मला कधीच कळला नव्हता. तार बोटाच्या मांसातून सुटते तेव्हा आघात गोल होतो, असे त्यांनी घरी येऊन रात्री एक वाजता सतार काढून मला दाखवले. त्यानंतर प्रत्येक वेळी मी त्याला त्यांच्या कानांनी ऐकत आलो आहे. 2019 नंतर त्याने दौरे थांबवले, तेव्हा आमची ती एकच मैफल.

यजमानांना घरी ठेवून तुम्ही गेलात, तर तुम्ही त्यांना गाण्यांची यादी सांगू शकाल, इतकेच. डॉक्टरांची संमती मिळाली तर दोघांनी जावे. मागे उभे राहिल्याने आम्ही काहीही गमावले नाही.

मध्य रेल्वे

फक्त प्रवासाचे सांगतो. उघड्यावर ध्वनिक्षेपकांना एरवी रात्री दहापर्यंतच परवानगी असते, त्यामुळे मुंबईतले असे कार्यक्रम वेळेवर सुरू होतात. उशिरा पोहोचू नका. महालक्ष्मी स्थानकातून धीम्या गाडीने दादरला उतरून मध्य रेल्वेची गाडी धरावी. संपताच सगळे एकदम स्थानकाकडे निघतात, तेव्हा वीस मिनिटे मैदानातच बसून राहिल्यास गुडघ्यांनाही विश्रांती मिळेल. मे महिन्याचा उकाडा आहे, दुपारपासून पाणी पीत राहा.

डोंबिवली पूर्व, 19 मे 2025

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोघेही जाऊन आलो.

डॉक्टरांनी दोन अटी घातल्या होत्या: बोळे एकदाही काढायचे नाहीत, आणि शिट्टी वाढल्यासारखी वाटली तर त्या क्षणी बाहेर पडायचे. साउंडवाला यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही महिनाभर रोज रात्री जेवणानंतर बोळे घालून त्या दोन कॅसेट ऐकल्या, आणि त्या सरावाचा लाभ असा झाला की मैदानावर बोळ्यांची आठवणही राहिली नाही. कन्सोलच्या मागे, मध्यरेषेवर, एका खांबाजवळ जागा मिळाली आणि मला आलटून पालटून टेकता आले. उकाडा इतका होता की माझ्या सुती ओढणीचा दुपारीच चोळामोळा झाला होता, परंतु रेसकोर्सवर समुद्राकडून अधूनमधून वारा येत होता.

त्या उंच टोपीखालचा माणूस मंचावर आला तेव्हा माझे पती काहीच बोलले नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि मनगटाची शीर पाहावी तसा अंगठा त्यावर ठेवला, आणि गिटारची प्रत्येक ओळ कुठे वळणार आहे ते अंगठ्याच्या दाबाने मला आधीच सांगत राहिले. बोळ्यांमुळे आम्हाला एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते, पण तशी गरजही पडली नाही. 1991 च्या अल्बमातले जवळजवळ नऊ मिनिटांचे ते पियानोचे गाणे लागले, तेव्हा त्यांचा अंगठा थांबला. मी वळून पाहिले तर ते डोळे मिटून उभे होते. पार्लेकर काका, तुमच्या घरच्यांनी बाही ओढली होती, ते मला त्या वेळी आठवले, आणि मी त्यांना मुळीच हलवले नाही.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही अर्धा तास मैदानातच बसलो. दादरला गाडीत शेजारी शेजारी जागा मिळाली. ठाणे गेल्यावर त्यांनी बोळे काढून डबीत ठेवले, थोडा वेळ कान देऊन ऐकले आणि म्हणाले, "शिट्टी तेवढीच आहे, वाढली नाही." मग पुढे म्हणाले, "2012 ला परत येताना तुला वाईट वाटलं होतं ना? मी विचारलं नाही." मी हो म्हटले. डोंबिवली येईपर्यंत आम्ही त्या रात्रीविषयी बोलत होतो.

शनिवारी डॉक्टरांकडे पुन्हा श्रवणचाचणी आहे. तिचा निष्कर्ष इथे कळवीन, म्हणजे असाच त्रास असलेल्या इतरांना त्याचा उपयोग होईल.