पाऊस नसतानाही काळी नदी चढते
कर्नाटकातल्या काळी नदीच्या काठी मुक्काम करणाऱ्यांना "सावली आहे, पाऊस नाही, मग तंबू अगदी पाण्यालगत लावा" असा सल्ला कुणीतरी दिलाय. सावलीचं पटलं, काळीकाठच्या झाडांखाली भर मे महिन्यातही दुपार सुसह्य होते. पण पाण्यालगत नकोच. याच नदीवर गणेशगुडी गावाजवळ सुपा धरण आहे, 101 मीटर उंच. तिथल्या वीजघरातून पाणी सुटलं की खालची नदी कोरड्या दिवसांतही चढते. ते विजेच्या मागणीवर ठरतं, ढगांवर नाही.

आम्ही बेळगावहून गेलो होतो तेव्हा संध्याकाळी काठावर रोवलेली काठी पहाटे पाण्याखाली होती. पोरं बरोबर होती, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. खडकांवर ओली रेघ आणि अडकलेला पाला दिसतो ना, तंबू त्याच्या बराच वर लावा. आणि पाणी कधी सुटतं ते आधी गावातल्या माणसाला विचारा.