मालिकेतल्या जोड्या लेखक आधीपासून ठरवतात का?

शाहूपुरीकर (सातारा)
नमस्कार. आमच्या घरी रात्रीच्या जेवणाबरोबर मालिका चालू असते आणि तिच्यावरून वादही चालू असतात. मुख्य जोडी आधीच ठरलेली असते याबद्दल कोणाचेही दुमत नाही. ‘लागिरं झालं जी’मधले अजिंक्य आणि शीतल एकत्र येणार, हे जाहिराती पाहूनच कळत होते. प्रश्न दुय्यम पात्रांचा आहे. नायकाचा मित्र, नायिकेची बहीण, मागाहून आलेला एखादा वकील, यांच्यातल्या दोघांचे शंभरेक भागांनंतर एकाएकी जुळते. आमच्या वहिनींचे म्हणणे असे, की हेही लेखकाने पहिल्या दिवशीच ठरवलेले असते आणि मागचे भाग काढून पाहिले तर पहिल्याच नजरानजरेत त्याची खूण सापडते. मला ते पटत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

मेणवलीकर
मी लेखक नाही. वाईच्या आसपास चित्रीकरण होते तेव्हा गावकरी, पंच, वऱ्हाडी अशी किरकोळ कामे करतो, त्यामुळे सेटवरून दिसते तेवढेच सांगतो. मालिका सुरू होण्यापूर्वी वाहिनीकडून जो आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात मुख्य जोडी, तिच्या आड येणारी माणसे आणि सुरुवातीच्या काही महिन्यांतली मोठी वळणे असतात. त्यापुढचे बरेचसे चालता चालता ठरते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, शिवाय वाहिनीची माणसे चर्चेला बसलेली; आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे आणि दर आठवड्याला टीआरपीचे आकडे समोर येणार. अशा वेळी नायिका आजारी पडली किंवा तिने रजा मागितली, की तेवढे दिवस कोणाच्या तरी गोष्टीवर काढावे लागतात, आणि बहिणीचे प्रेम जुळवण्याइतका सोपा ट्रॅक दुसरा नसतो. कधी दोन नटांचा एखादा साधा प्रवेश अनपेक्षित रंगतो, दिग्दर्शक ते लेखकाच्या कानावर घालतो आणि त्यातून जोडी तयार होते.

वहिनींच्या खुणेबद्दल आदरपूर्वक एवढेच म्हणेन, की आपल्या मालिकांत प्रत्येक जण प्रत्येकाकडे संगीतासह तीन-तीनदा पाहत असतो, त्यामुळे मागे जाऊन शोधल्यास कोणाचीही कोणाशी खूण सापडेल.

विश्रामबाग_सांगली
वर आलेले वर्णन रोज चालणाऱ्या मालिकेचे आहे. अमेरिकेत वर्षाला ठरावीक भागांचे पर्व लिहिले जाते, हाताशी वेळ अधिक असतो, तरीही तिथे वेगळे घडते असे नाही. ‘फ्रेंड्स’ 1994 मध्ये सुरू झाली, तेव्हा रॉसला रेचेल शाळेपासून आवडत होती हे पहिल्याच भागात सांगितले होते, म्हणजे ती जोडी ठरवून आणलेली. मोनिका आणि चँडलर यांचे मात्र तसे नव्हते. 1998 मध्ये लंडनच्या भागात ते दोघे एकत्र दिसले, तेव्हा लेखकांच्या मनात ते प्रकरण थोडक्यात आटोपायचे होते. परंतु चित्रीकरणाला बसलेल्या प्रेक्षकांनी असा काही गजर केला, की त्यांनी तो धागा पुढे नेला आणि 2001 मध्ये दोघांचे लग्न लावून दिले. माझ्या मते त्या मालिकेतली ही सर्वांत विश्वासार्ह जोडी आहे.

याच्या उलट ‘हाउ आय मेट युअर मदर’; त्यात टेड आपल्या मुलांना त्यांची आई कशी भेटली ते सांगत असतो. ही मुले वयाने मोठी दिसू लागतील म्हणून, वडिलांना रॉबिनकडे जायला सांगणारा त्यांचा शेवटचा प्रवेश सुरुवातीच्या काळातच चित्रित करून ठेवला होता आणि 2014 मध्ये मालिका संपवताना तोच वापरला. दरम्यान पात्रे बदलली होती. संपूर्ण अखेरचे पर्व टेडची जुनी प्रेयसी रॉबिन आणि त्याचा मित्र बार्नी यांच्या लग्नाभोवती फिरवले, आणि शेवटच्या भागात त्यांचा घटस्फोट दाखवून रॉबिनला पुन्हा टेडकडे आणले. प्रेक्षक नाराज झाले, ते ठरवलेला शेवट जसाच्या तसा राखल्यामुळे. त्यामुळे ‘आधी ठरवले होते’ हे मी लेखकाच्या बाजूचे प्रशस्तिपत्र मानत नाही.

शाहूपुरीकर (सातारा)
दोघांचेही आभार. उत्तरे वहिनींना वाचून दाखवली. त्यांचा प्रतिप्रश्न असा: काहीच ठरलेले नसेल, तर नायकाचा मित्र प्रत्येक मालिकेत अविवाहितच का असतो?

मेणवलीकर
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. मित्राला सुरुवातीलाच बायको दिली, तर पुढे अडचणीच्या आठवड्यात त्याच्यावर काहीच रचता येत नाही, म्हणून ती जागा मुद्दाम रिकामी ठेवत असावेत. तेवढ्यापुरते वहिनींचे खरे आहे. ती जागा कोण भरणार, हे मात्र मित्राची भूमिका करणाऱ्या नटालाही पुष्कळदा संवादांचे कागद हातात पडल्यावरच कळते. एका मालिकेत तर त्याच्या साखरपुड्यात मी वऱ्हाडी म्हणून उभा होतो आणि वधू कोण हे तो आम्हालाच विचारत होता.